मोफत उन्हाळी शिबिराचा अर्ज: आधी उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत पाहा

अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांसाठी रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे मे महिन्यात जी मोफत निवासी शिबिरे भरतात, त्यांचे अर्ज बहुधा एकाच कागदापाशी अडतात, आणि तो म्हणजे उत्पन्नाचा दाखला. एका वर्षाच्या उत्पन्नावर मिळालेला दाखला 31 मार्चपर्यंतच ग्राह्य असतो. त्यामुळे जानेवारीत शिष्यवृत्तीसाठी काढलेला दाखला एप्रिलमधल्या अर्जाला जोडला, तर तो परत येतो.

नवा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो. त्यासाठी ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर किंवा जवळच्या सेवा केंद्रात अर्ज करावा आणि सोबत ओळखीचा व रहिवासाचा पुरावा, तलाठ्यांचा उत्पन्न अहवाल आणि स्वयंघोषणापत्र द्यावे. लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 अन्वये या दाखल्यासाठी 15 दिवसांची मुदत ठरलेली आहे, म्हणून एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात केंद्र गाठावे. दाखल्यावर उत्पन्न लिहिले जाते ते संपूर्ण कुटुंबाचे. वडील मुंबईला नोकरीला असतील तर त्यांचा पगार, आणि घरातले कोणी होडीवर जात असेल तर त्याचा वाटा, हे दोन्ही त्यात धरावे लागतात. गावातली कमाई तेवढी सांगायची, ही सवय पुढे अंगाशी येते.

केशरी शिधापत्रिका दाखवली म्हणजे पात्रता सिद्ध झाली, असेही समजू नये. 1999 साली तीन रंगांच्या पत्रिका आल्या, तेव्हाचीच पत्रिका अजून जपून वापरणारी घरे आहेत, आणि तिच्यावरून आजचे उत्पन्न कळत नाही. उत्पन्नाची व वयाची अट प्रत्येक शिबिराची वेगळी असते. ती जाहिरातीतच वाचावी.

शाळेचे बोनाफाईड एप्रिलमध्येच घ्यावे, कारण निकाल लागून सुट्टी सुरू झाली की मुख्याध्यापकांची सही मिळणे कठीण होते. आधारवर ‘प्रांजल’ आणि शाळेत ‘प्रांजली’ असा फरक असेल, तर शाळेच्या जनरल रजिस्टरमधले नाव व जन्मतारीख बोनाफाईडवर स्पष्ट लिहून घ्यावी आणि अर्जात तेच नाव लिहावे. आरोग्य प्रमाणपत्र मागितले असल्यास ते प्राथमिक आरोग्य केंद्रातून घेता येते. मात्र दमा किंवा आकडीचा त्रास असेल तर तो लपवू नये, विशेषतः शिबिरात खाडीत पोहणे असेल तेव्हा. आईवडील मुंबईला आणि मूल आजीजवळ, अशी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. अशा वेळी संमतीपत्रावर आईवडिलांची सही लागेल की आजीची चालेल, हे आयोजकांना आधीच विचारावे.

मोफत शिबिरासाठी कोणी नोंदणीचे पैसे मागितले, तर ते देण्यापूर्वी आयोजक संस्थेकडे थेट चौकशी करावी. अर्ज दिल्यावर पोच घ्यावी. निवडीचा निरोप फोनवरच येत असल्याने, वाडीत रेंज नसेल तर नाक्यावरच्या दुकानदाराचा किंवा शिक्षकांचा क्रमांक, त्यांना विचारून, दुसरा संपर्क म्हणून द्यावा.