संगणकाच्या सल्ल्यात डॉक्टरची जागा

निर्णयाला मदत करणाऱ्या संगणक प्रणालीत तज्ज्ञ माणसाने कुठे असावे, हा प्रश्न आज एआयमुळे पुन्हा ऐरणीवर आला असला, तरी वैद्यकशास्त्रात तो पन्नास वर्षांहून जुना आहे.

सुरुवात मात्र रसायनशास्त्रातून झाली. १९६५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड फायगेनबॉम आणि नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी रेणूंची रचना ओळखणारा 'डेंड्रल' प्रकल्प हाती घेतला. नुसते तर्काचे यंत्र पुरत नाही, रसायनतज्ज्ञांच्या डोक्यातले बारकावे त्यात उतरवावे लागतात, हे तिथे उमगले.

तोच धागा पकडून सत्तरच्या दशकात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी स्टॅनफर्डमध्येच 'मायसिन' ही संगणक प्रणाली घडवली. जंतुसंसर्ग कोणता, प्रतिजैविक कोणते आणि किती, हे ती सुचवायची. डॉक्टरांशी बोलून काढलेले शेकडो 'जर–तर' नियम हा तिचा कणा. मला तिची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती वेगळीच: तिने प्रश्न विचारल्यावर 'हे का विचारतोस?' असे डॉक्टरने टंकले, की ती आपला नियम दाखवायची. १९७९ मध्ये मेनिंजायटिसच्या (मेंदूच्या आवरणाला येणारी सूज) १० रुग्णांवरील उपचारांची तुलना प्रसिद्ध झाली. कोणता सल्ला कोणाचा, हे परीक्षकांना ठाऊक नव्हते. मायसिनचे ६५ टक्के सल्ले त्यांनी मान्य केले; स्टॅनफर्डच्या पाच तज्ज्ञ प्राध्यापकांचे ४२.५ ते ६२.५ टक्के.

तरीही मायसिन वॉर्डात कधी पोहोचली नाही. एका रुग्णासाठी अर्धा-अर्धा तास प्रश्नांची उत्तरे टंकत बसायला कोणत्या डॉक्टरला सवड होती?

पिट्सबर्ग विद्यापीठाची 'इंटर्निस्ट-१' ही निदान सुचवणारी प्रणाली याहून व्यापक होती. जॅक मायर्स या नावाजलेल्या फिजिशियनचे निदानकौशल्य तिच्यात ओतले होते, आणि सुमारे ५०० रोगांची माहिती होती. पण रुग्णासमोर उभा असलेला डॉक्टर तिच्या लेखी फक्त माहिती पुरवणारा. तिच्यावर काम केलेले रँडॉल्फ मिलर यांनी १९९० मध्ये फ्रेड मसारी यांच्यासोबत या पद्धतीवर नेमके बोट ठेवले. प्रश्न घेऊन जायचे आणि कौल ऐकून परतायचे, अशा ग्रीक देववाणीची उपमा त्यांनी तिला दिली, आणि हा नमुना आता संपला असे स्पष्ट लिहिले. रुग्णाला पाहणारा, ओळखणारा डॉक्टरच असतो. मग तर्काची सूत्रे त्याच्याच हाती हवीत.

इंटर्निस्टच्याच माहितीवर उभ्या राहिलेल्या 'क्यूएमआर' (क्विक मेडिकल रेफरन्स) या प्रणालीत ही सूत्रे डॉक्टरच्या हाती दिली गेली. एखाद्या रोगाची लक्षणे नुसती चाळायची, दोन रोग एकत्र असू शकतील का हे पडताळायचे, की संपूर्ण निदानासाठी मदत घ्यायची, हे डॉक्टर ठरवायचा.