पंधरा ऑगस्टचा शब्द, एकोणीस डिसेंबरचा शब्द

म्हापशाला माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या एका मुलीने निबंधात लिहिलं होतं, 'गोवा गॉट इंडिपेंडन्स इन 1961.' व्याकरण बिनचूक. तरी मी 'इंडिपेंडन्स'खाली रेघ मारली. "सर, लिबरेशन म्हणजे पण तेच ना?" तिने विचारलं.

दोन्ही शब्दांचं मूळ लॅटिनमध्ये आहे. इंडिपेंडन्सच्या पोटात 'लोंबणे' आहे: कोणाला लोंबकळून न राहणं. आपला 'अवलंबून' शब्दही 'लम्ब्' या धातूचाच, हे मला फार सुंदर वाटतं. लिबरेशनचं मूळ 'लिबेर', म्हणजे मोकळा. त्याचं क्रियापद सकर्मक आहे. कोणीतरी कोणाला तरी सोडवतं. इंडिपेंडन्सला तसं क्रियापदच नाही. 1776 च्या अमेरिकेच्या जाहीरनाम्यापासून तो शब्द नव्या राष्ट्राच्या जन्माशी जोडला गेला. उलट 1944 मध्ये पॅरिस जर्मनांच्या ताब्यातून सुटलं, त्याला लिबरेशन म्हटलं गेलं. फ्रान्स काही त्या दिवशी जन्मला नव्हता.

गोव्यात हा फरक जिवावरचा होता. 1951 मध्ये पोर्तुगालने घटना बदलून गोव्यासह आपल्या वसाहतींना 'सागरपार प्रांत' ठरवलं, म्हणजे सोडायला वसाहत उरलीच नाही! इकडे 18 जून 1946 ला मडगावात समाजवादी नेते राममनोहर लोहियांनी सभा घेतली, 15 ऑगस्ट 1955 ला गोव्याच्या पत्रादेवी सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींनी छातीवर गोळ्या घेतल्या. हे सत्याग्रही वेगळ्या देशासाठी आले नव्हते. 19 डिसेंबर 1961 ला पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा शरण आले आणि 451 वर्षांची सत्ता संपली, तेव्हा गोवा स्वतंत्र राष्ट्र झाला नाही, भारतात आला. म्हणून मुक्तिदिन, म्हणून लिबरेशन. पोर्तुगालच्या लेखी ते आक्रमणच होतं. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व त्याने 31 डिसेंबर 1974 च्या करारात मान्य केलं.

मुलीने वाक्य सुधारलं: 'गोवा वॉज लिबरेटेड.' मग पेन थांबवून म्हणाली, "सर, बाय हूम?"

प्रश्न नेमका होता. कर्मणी प्रयोगात कर्ता गाळता येतो. तिने 'इंडियन आर्मी' लिहिलं. मी तिला पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबलेल्या, गोव्याच्या मुक्तीसाठी लढणाऱ्या त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांबद्दल सांगितलं, गोव्यातल्याच आग्वादच्या तुरुंगातल्या कैद्यांबद्दल सांगितलं. तिने 'आर्मी'पुढे स्वल्पविराम दिला आणि पुढची ओळ सुरू केली.