अर्थबाह्यवाद

शब्दाचा अर्थ आणि विचाराचा आशय केवळ बोलणाऱ्याच्या मेंदूवरून ठरत नाही. भोवतालच्या वस्तू आणि ती भाषा बोलणारा समाज यांचाही त्यात वाटा असतो, असे मानणारे तत्त्वज्ञानातील मत. बौद्ध दर्शनातील बाह्यार्थवादाशी याची गल्लत करू नये. तिथे बाहेरचे जग खरोखर आहे का, हाच वाद आहे. इथे ते गृहीत धरलेले असते.

सोलापुरात हे मत चादरीवरून चटकन समजते. शहराच्या पूर्व भागात विणलेली जॅकार्ड चादर आणि तिची परगावी काढलेली हुबेहूब नक्कल शेजारी ठेवली, तेच सूत, तीच वीण, तेच मोर, तर गिऱ्हाईक घडी मोडून, हात फिरवून दोन्हींना ‘सोलापुरी’च म्हणेल. डोक्यातली कल्पना दोन्ही वेळा एकच, पण बोलणे एकदाच खरे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि ते कापडाच्या स्पर्शात सापडत नाही. अर्थात हे उदाहरण थोडे लबाड आहे, कारण नावातच गाव आहे.

अमेरिकी तत्त्वज्ञ हिलरी पटनम यांनी १९७५ मध्ये मांडलेले उदाहरण जास्त चोख आहे. पृथ्वीसारखाच दुसरा ग्रह कल्पावा. तिथल्या नद्या-तळ्यांतला द्रव दिसायला, चवीला, तहान भागवायला पाण्यासारखाच. रासायनिक रचना मात्र निराळी. १७५० साली, पाण्याची घडण कुणालाच ठाऊक नसताना, सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठी एक जण ‘पाणी’ म्हणाला आणि त्या ग्रहावरच्या तशाच तलावाकाठी त्याचा जुळा ‘पाणी’ म्हणाला, तर दोघांच्या मनात तसूभर फरक नसूनही शब्द दोन वेगळ्या द्रव्यांना लागू पडतात.

पटनम यांचा दुसरा मुद्दा भाषेतील श्रमविभागणीचा. त्यांना स्वतःला एल्म आणि बीच ही झाडे वेगळी ओळखता येत नसत, तरी दोन्ही शब्द ते बिनचूक अर्थाने वापरू शकत, कारण ओळखणारे दुसरे कोणी होते. ज्वारीच्या बाजारात ‘मालदांडी द्या’ म्हणणाऱ्या बहुतेकांची गत हीच. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेले मालदांडी ३५-१ आणि ‘फुले वसुधा’ या वाणांचे दाणे त्यांच्यापुढे मिसळून ठेवले तर निवडता येणार नाहीत. शब्दामागे शेतकरी, आडत्या आणि बियाणे तपासणारा उभा असतो.

अमेरिकी तत्त्वज्ञ टायलर बर्ज यांनी १९७९ मध्ये यात समाजाचा वाटा ठळक केला. त्यांच्या उदाहरणातला रुग्ण आपला ‘आर्थ्रायटिस’ (सांध्यांचा विकार) मांडीत पसरला असे समजतो. त्याची समजूत चुकीची ठरते, कारण शब्दाचा अर्थ त्याच्या मर्जीवर नसून समाजाच्या वापरावर ठरतो. मराठीत हे उदाहरण जरा पांगळे होते: ‘संधिवात’ शब्दातच सांधा आहे. ‘आमवात’ घेतला तर ते पुन्हा उभे राहते.

‘पद’ (म्हणजे शब्द) आणि ‘अर्थ’ मिळून झालेला ‘पदार्थ’ मराठीत वस्तूला आणि ताटातल्या जिनसेलाही लागतो, हे इथे नोंदवण्याजोगे. शब्दाचा अर्थ म्हणजे बाहेरची वस्तूच, हा जुना विचार त्या शब्दात साठून राहिला आहे. न्याय दर्शनाने पदाच्या अर्थात व्यक्ती (एकेक वस्तू), आकृती (तिची घडण) आणि जाती (तिचा वर्ग) असे तिन्ही धरले होते.

अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञांनी १९९८ मध्ये यापुढे जाऊन खुद्द विचारक्रियाच कवटीबाहेर पसरते असा दावा केला. त्यांचा ओटो हा विस्मरणाचा रुग्ण पत्ते वहीत लिहून ठेवतो. ती वही म्हणजे त्याची स्मृतीच, असे ते म्हणतात. मुख्य अटी या की वही कायम हाताशी असावी आणि तिच्यावर त्याचा बिनशर्त भरवसा असावा. किराणा दुकानदाराची उधारीची वही या अटींत बरीच बसते. जॅकार्ड मागावरची, नक्षी ठरवणारी भोकांची पंचकार्डे मात्र बसत नाहीत. कार्डाला भोक असेल तिथे सुई आरपार जाते आणि ताण्याचा धागा उचलला जातो. नसेल तिथे तो खालीच राहतो. नक्षी कार्डात आहे खरी, पण विणकर ती आठवण्यासाठी कार्ड बघत नाही. तो तुटलेला धागा बघतो.

मेंदूला जोडलेली वस्तू मेंदूच्या क्रियेचा भाग होतेच असे नाही, हा फ्रेड अ‍ॅडम्स आणि केन आयझावा या तत्त्वज्ञांचा क्लार्क-चाल्मर्स यांच्यावरचा आक्षेप इथेच लागू पडतो. पटनम-बर्ज यांच्या मतावरचा आक्षेप वेगळा आहे: विचाराचा आशय बाहेर ठरत असेल, तर आपण काय विचार करतो आहोत हे बाहेर न डोकावता आपल्याला कळते कसे? यावर एकमत नाही.