घाटमाथ्यावरची अश्वशक्ती: डायनोचा आकडा हवेवर का हलतो

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे. इथला प्रत्यक्ष वायुदाब ९२५ हेक्टोपास्कलच्या आगेमागे असतो, आणि चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की तो १०१० च्या जवळ पोहोचतो. पेट्रोल कितीही ओतता येतं. ताकदीला मर्यादा पडते ती सिलिंडरमध्ये मावणाऱ्या हवेची. त्यामुळे टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) नसलेली तीच गाडी घाटाखाली डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, जास्त ताकद देते. दोन ठिकाणचे आकडे एका पातळीवर आणायला करेक्शन फॅक्टर, म्हणजे मोजलेल्या ताकदीला ज्याने गुणायचं तो आकडा, लागतो, आणि त्यामागे बराच जुना गोंधळ आहे.

जुन्या अमेरिकन 'ग्रॉस' पद्धतीत एअर फिल्टर, अल्टरनेटर आणि गाडीचा सायलेन्सर काढून नुसतं इंजिन स्टँडवर चालवत. शिवाय मोजलेली ताकद १५.६ अंश सेल्सिअस आणि ७६० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाच्या हवेवर नेऊन सांगत, म्हणजे थंड आणि दाट हवेवर. जर्मन मानक डीआयएन ७००२० मध्ये सगळे सुटे भाग जोडलेले असत आणि हवा २० अंशांची धरत. १९७२ मध्ये अमेरिकन कंपन्या 'नेट' आकड्यांवर (सगळे भाग जोडून मोजलेल्या) आल्या आणि कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या मूळ इंजिनाचे २७० चे २०० झाले. त्यातली बहुतेक घट मोजण्याच्या पद्धतीतली होती.

पुढे अमेरिकन एसएई जे१३४९ आणि आंतरराष्ट्रीय आयएसओ १५८५ या दोन्ही मानकांनी २५ अंश आणि कोरड्या हवेचा ९९० हेक्टोपास्कल दाब हा पाया धरला. इथे 'कोरड्या' हा शब्द सर्वात महत्त्वाचा. वाफ सिलिंडरमधली जागा अडवते, पण जळायला उपयोगी पडत नाही. म्हणून एकूण दाबातून बाष्पदाब वजा करावा लागतो.

जे१३४९ च्या १९९० च्या आवृत्तीचं गणित असं: ९९० ला कोरड्या दाबाने भागा. केल्व्हिनमधल्या तापमानाला (सेल्सिअस अधिक २७३) २९८ ने भागून त्याचं वर्गमूळ काढा. दोन्हींचा गुणाकार १.१८ ने गुणून ०.१८ वजा करा. हे ०.१८ म्हणजे इंजिनाचं अंतर्गत घर्षण, जे हवामानाने बदलत नाही असं धरलेलं आहे.

आता बेळगावचे आकडे घालून पाहा. डिसेंबरच्या सकाळी १५ अंश, ६० टक्के आर्द्रता, दाब ९२८: फॅक्टर १.०७. एप्रिलच्या दुपारी ३७ अंश, २५ टक्के, दाब ९२३: १.१३. जुलैत २३ अंश, ९५ टक्के, दाब ९२२: १.१२. पावसाळ्यातली हवा अंगाला गार लागते, तरी इंजिनाच्या दृष्टीने ती जवळजवळ उन्हाळ्याइतकीच पातळ असते.

सर्वात महाग पडणारी चूक दाबाची. मोबाइलवरच्या हवामानात दिसणारा दाब समुद्रसपाटीवर नेलेला असतो. एप्रिलच्या त्याच दुपारी १०१० घातला तर फॅक्टर १.१३ ऐवजी १.०२ येतो आणि १०० अश्वशक्तीमागे ११ हरवतात. डायनोच्या खोलीतच, उंचीची दुरुस्ती बंद ठेवलेला बॅरोमीटर हवा.

तापमान इनटेकच्या (इंजिनात हवा शिरते त्या नळीच्या) तोंडाशी मोजायचं. तापमापक सायलेन्सरच्या झोतात राहून ३५ चे ४५ दाखवू लागला, तर आकडा सुमारे दोन टक्के फुगतो. ओल्या फडक्याचा आर्द्रतामापक असेल तर वात स्वच्छ आणि भिजलेली ठेवा. ती सुकली की आर्द्रता खोटी वाढते आणि त्यासोबत अश्वशक्तीही.

आयएसओ १५८५ मध्ये पेट्रोल इंजिनाचं सूत्र थोडं वेगळं आहे आणि फॅक्टर ०.९३ ते १.०७ मध्ये असावा असं सांगितलं आहे. त्याबाहेर गेला तर चाचणीची हवा नेमकी नोंदवावी लागते. पणजीच्या दमट दुपारीही तो साधारण १.०३ वर राहतो. बेळगावात मात्र वर्षातला बराच काळ ही हद्द ओलांडली जाते. म्हणून इथल्या कागदावर न सुधारलेला आकडा, दाब, तापमान, आर्द्रता आणि वापरलेलं मानक हे सगळं छापलेलंच असावं, असं आमचं ठाम मत आहे. १५.६ अंशांच्या हवेवर नेणाऱ्या जुन्या 'स्टँडर्ड' पद्धतीचा आकडा जे१३४९ पेक्षा सुमारे चार टक्के जास्त दिसतो; त्या दोघांची तुलना करू नये.

टर्बो गाड्यांत आणखी सांभाळावं लागतं. ज्या ईसीयूमध्ये (इंजिन चालवणारा संगणक) मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, निरपेक्ष दाब ठरवलेला असतो, तो टर्बोला जास्त फिरवून उंचीची तूट बरीच भरून काढतो. अशा गाडीला १.१२ ने गुणलं की न मिळालेली ताकद कागदावर येते. तिथे आधी इनटेक हवेचं तापमान आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) पाहावं. उंचीवर टर्बोचं काम वाढतं, हवा जास्त तापते, नॉक येतो (मिश्रण आपोआप पेटून इंजिन ठोकतं) आणि ईसीयू टायमिंग मागे घेतो. डायनोवरच्या तिसऱ्या फेरीत आकडा पडला तर बहुधा हेच कारण असतं. इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा गार करणारा भाग) निवेपर्यंत थांबून, पंखा तिथेच ठेवून पुन्हा मोजावं.