परिबलांचा समतोल

आधारांवर स्थिर असलेल्या वस्तूवरील अज्ञात आधारबले बलांच्या व परिबलांच्या समीकरणांवरून काढण्याची स्थितिकीतील (स्थिर वस्तूंवरील बलांच्या अभ्यासातील) पद्धत. बल गुणिले बलाच्या क्रियारेषेपासून निवडलेल्या बिंदूचे लंबांतर म्हणजे परिबल (आघूर्ण). एका प्रतलातील बलांसाठी आडव्या बलांची बेरीज, उभ्या बलांची बेरीज आणि कोणत्याही एका बिंदूभोवतीच्या परिबलांची बेरीज शून्य असावी लागते. बिंदू मनाजोगा घेता येतो. ज्यातून एखादे अज्ञात बल जाते तो घ्यावा, म्हणजे ते समीकरणातून गळते.

तरफेचा नियम (टेकूच्या दोन्ही बाजूंना वजन गुणिले टेकूपासूनचे अंतर सारखे असेल, तर तरफ समतोल राहते) प्रथम कोणी सिद्ध केला याविषयी एकमत नाही. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या यांत्रिक प्रश्नांच्या ग्रंथात तरफेचे स्पष्टीकरण वर्तुळगतीवरून दिले आहे. हा ग्रंथ त्याच्या परंपरेतील कोणाचा तरी असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आर्किमिडीज (इ.स.पू. सु. २८७–२१२) याने गतीचा आधार न घेता, समान अंतरांवरील समान वजने समतोल राहतात या गृहीतकापासून सुरुवात केली. मोठ्या वजनांचे सारखे तुकडे करून ते दांड्यावर सममितीने पसरले, की नियम निघतो. ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख याने १८८३ मध्ये आक्षेप घेतला, की पसरलेल्या तुकड्यांऐवजी मध्यावर एकच वजन मानतानाच सिद्ध करायची गोष्ट गृहीत धरली जाते. गुरुत्वमध्याचे (वस्तूचे सगळे वजन जिथे एकवटले आहे असे मानता येते त्या बिंदूचे) गुणधर्म आर्किमिडीजने आज अनुपलब्ध असलेल्या लेखनात आधी मांडले असावेत, असे प्रत्युत्तर दिले जाते; ते अधिक ग्राह्य वाटते. वाकड्या तरफेचा विचार तेराव्या शतकात जॉर्डेनस या गणितज्ञाच्या नावाच्या ग्रंथांत येतो. फलित बलाचे (अनेक बलांऐवजी घेता येणाऱ्या एका बलाचे) परिबल घटक बलांच्या परिबलांच्या बेरजेइतके असते, हे प्रमेय फ्रेंच गणितज्ञ पिएर व्हारिन्यों याच्या नावाने ओळखतात. फ्रेंच गणितज्ञ ल्वी प्वॅंसो याने १८०३ मध्ये बलयुग्माची (समान, समांतर व विरुद्ध दिशांच्या दोन बलांच्या जोडीची) कल्पना मांडली.

बेळगाव, चिकोडी, निपाणी या सीमाभागातील उसाची बैलगाडी हे या पद्धतीचे उत्तम उदाहरण होय. समजा, गाडीसह भार १,००० किग्रॅ. असून आखापासून (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्यापासून) जू ३ मी. पुढे आहे. भाराचा गुरुत्वमध्य आखापुढे १५ सेंमी. असेल, तर आखाभोवती परिबले घेऊन जुवावर १,००० × ०.१५ ÷ ३ = ५० किग्रॅ. आणि आखावर ९५० किग्रॅ. भार येतो. मोळ्या पुढे सरकून हे अंतर ४५ सेंमी. झाले, तर बैलांच्या मानेवर १५० किग्रॅ. पडतात. गुरुत्वमध्य आखामागे १५ सेंमी. गेल्यास उत्तर उणे ५० येते, म्हणजे जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. अशा गाडीला ‘उलाळ’ म्हणतात. गाडीवान पुढच्या-मागच्या चार मोळ्या बदलून हेच गणित सोडवतो, मात्र त्याला थोडी पुढे जड अशी गाडीच हवी असते.

बैल सोडल्यावर जुवाखाली लाकडाचा टेकू देतात. तोच ५० किग्रॅ. पेलतो. भरताना गाडी उलटू नये म्हणून मागेही टेकू दिला, तर उभे आधार तीन होतात आणि इथे उपयोगी पडणारी दोनच समीकरणे (उभ्या बलांचे व परिबलांचे) अपुरी पडतात. मग कोणावर किती भार येईल हे साट्याच्या (गाडीच्या चौकटीच्या) लवचीकपणावर आणि काळ्या रानात टेकू किती रुतला यावर ठरते.