खान्देशातली करमणूक आणि पोरांचे खेळ

खान्देश म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे असं साधारण धरतात, पण करमणुकीबद्दल लिहायला बसलं की ही हद्द पुरत नाही. इंग्रजांच्या जुन्या खान्देश जिल्ह्यात मालेगाव, बागलाण हा पट्टाही होता, तो १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाल्यावर तिकडे गेला. १९०६ मध्ये उरलेल्याचे पूर्व आणि पश्चिम खान्देश असे दोन भाग झाले, नंदुरबार तर १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळं निघालं. डोंगऱ्या देवाचा आदिवासी उत्सव धुळ्यातल्या साक्रीकडेही होतो आणि बागलाणातही, त्यामुळे या नोंदीत जिल्ह्याची रेघ न बघता अहिराणी बोलीचा मुलूख धरलाय.

इथली जुनी करमणूक शेतीच्या वर्षावर चालायची. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला संपतं आणि नवं लागतं, पेरणीला अवकाश असतो, हातात थोडा पैसा असतो, म्हणून त्या दिवसांत निंबाला झोके, माहेरी आलेल्या पोरीबाळींच्या गौराईची गाणी, फुगड्या आणि पुरुषांचे पत्त्यांचे डाव हे सगळं एकदमच यायचं. पत्त्यांवर पैसे लागायचे हे उघड गुपित, आणि एरवी कडक असणारी म्हातारी माणसंही त्या दिवशी बघून न बघितल्यासारखं करायची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही इथली देवी आणि तिचं रात्रभराचं जागरण, मग पोळा, मग गुलाबाई, थंडीत आणि उन्हाळ्यात यात्रा. मार्गशीर्ष पौर्णिमेला तापीकाठी सारंगखेड्याची एकमुखी दत्ताची यात्रा भरते, ती घोडेबाजारासाठी प्रसिद्ध. बऱ्याच गावांत बारागाड्या ओढायचा कार्यक्रमही असतो, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या बारा बैलगाड्या, त्यांत माणसं भरलेली, आणि पुढे त्या ओढणारा एकटा भगत, म्हणजे देवाचा भक्त.

यात अभ्यासकांचा सगळ्यात जास्त घोळ गुलाबाईवर आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरी गुलाबाई-गुलोजींच्या मूर्ती मांडून टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. विदर्भात आणि जळगावच्या काही भागात हिलाच भुलाबाई म्हणतात. एक मत असं की ही भिल्लिणीचं रूप घेतलेली पार्वती, सारीपाटात हरून रुसून गेलेल्या शंकराला परत आणणारी. दुसरं मत हिला ज्वारी भरण्याच्या दिवसांतला पिकाचा विधी मानतं, विदर्भात तर ज्वारीच्या धांड्यांचा मखरच करतात. तिसरं मत हादगा-भोंडल्याशी नातं जोडतं, पण हादगा हस्त नक्षत्राचा, मधे हत्तीचं चित्र ठेवून भोवती फेर धरायचा, आणि गुलाबाईत हत्ती येतच नाही. माळव्याकडच्या संजाबाईशीही तुलना होते. भिल्लिणीची कथा नंतर चिकटली असावी आणि पिकाची बाजू मूळची असावी असं मानायला जागा आहे, कारण महिना नेमका कणीस भरायचा आहे. पोरींना मात्र खरी मजा शेवटच्या खाऊची. झाकलेला डबा कानाशी हलवून आवाजावरून आत काय ते ओळखायचं, खडखड वाजलं तर फुटाणे का शेंगदाणे यावर भांडण, आणि काही घरची आई मुद्दाम आवाज न करणारा शिरा ठेवायची म्हणजे सगळ्या हरल्या!

पोरांचे खेळही असेच ऋतूंचे. पावसात ओल्या मातीत लोखंडी सळई खुपसत पुढे जायचं, संक्रांतीला पतंग, बाकी वेळी गोट्या, भोवरा, विटीदांडू, लगोरी. खेळणी विकत आणायची पद्धत फार नव्हती. ज्वारीच्या धांड्याची साल सोलून आतलं भेंड काढायचं, सालीच्या कामट्या त्यात टोचून बैलगाडी करायची, चाकं, जू, सगळं त्याच धांड्यातून, आणि पोळ्याचे मातीचे बैल तिला जुंपायचे.

हे खेळ मोबाईलने मारले असं सरसकट लिहिलं जातं, ते अर्धंच खरं वाटतं. ज्वारीच्या जागी कपाशी आणि केळी आली तिथे भेंडच मिळेनासं झालं, थ्रेशर आलं आणि खळं गेलं, म्हणजे खेळायची सारवलेली मोठी जागा गेली, आणि हे सगळं स्मार्टफोनच्या बरंच आधी झालेलं आहे. टिकले ते नियम छापले गेलेले खेळ. खो-खोचे नियम पुण्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात बसवले गेले, हुतूतूची कबड्डी झाली, दोन्ही शाळेच्या मैदानात शिरले, विटीदांडू मात्र गल्लीतच राहिला आणि गल्लीत पेव्हर ब्लॉक बसले की विटी ठेवायच्या गलीची, म्हणजे खळीची, जागाही गेली.

मोठ्यांच्या करमणुकीत तमाशा आणि वहीगायन मुख्य. वहीगायनात डफावर पौराणिक कथा गाऊन दोन पार्ट्यांचा सामना रंगतो. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंधनं घातली, नंतर संहिता तपासून परवानगी मिळायला लागली आणि फडांच्या बोर्डावर ‘लोकनाट्य’ हा शब्द आला. इथल्या वगातला सोंगाड्या अहिराणीत बोलतो तेव्हाच पब्लिक खरं हसतं. संगीत नाटक रेल्वेच्या गावांपुरतं राहिलं, जळगावला त्याचा थोडा जास्त अभिमान कारण बालगंधर्वांचं लहानपणीचं गाण्याचं शिक्षण तिथे झालं.

सिनेमा आला तोही आधी यात्रेच्या मागे मागेच, तंबूच्या टॉकीजमधून, मधे कनात लावून एका बाजूला बाया आणि एका बाजूला गडी. म्हणजे पिक्चरनेही शेतीचंच वर्ष पाळलं. ते मोडलं टीव्हीने. मुंबई दूरदर्शन १९७२ चं, पण गावोगाव सेट पोचले ते पुढच्या दशकात, आणि मग करमणूक यात्रेच्या तिथीला नाही तर रविवारी सकाळी यायला लागली. व्हिडिओ, केबल, आणि २०१६ नंतरचा स्वस्त डेटा यांनी रविवारही पुसला.

२००० च्या सुमारास मालेगावात यंत्रमागाच्या गावातल्या हौशी पोरांनी गाजलेल्या हिंदी पिक्चरच्या विनोदी नकला व्हिडिओ कॅमेऱ्यावर काढल्या. हा सिनेमा खान्देशी धरायचा का, यावर मतं दोन. भाषा तिथली हिंदी-उर्दू मिसळ, जिल्हा नाशिक, पण त्याच गावातले पुढचे कॉमेडी व्हिडिओ ‘खान्देशी’ असं नाव लावूनच युट्यूबवर चालले, तेव्हा प्रेक्षकांनी निकाल दिलाय असं म्हणायला हरकत नाही. अहिराणी गाण्यांचे अल्बम आणि रील्स हा त्याच्या पुढचा टप्पा, लग्नाच्या वरातीत आणि कानबाईच्या मिरवणुकीत डीजेवर तीच वाजतात, आणि सुरतेला कामाला गेलेली मंडळी कानबाईला गावी येतात तेव्हा तिकडचीही गाणी सोबत आणतात.

गुलाबाई आता जळगावात स्टेजवरच्या स्पर्धेत दिसते, ड्रेस, बक्षीस, परीक्षक सगळं असतं, फक्त डबा नसतो. सातपुड्यात होळीआधीचे आदिवासींचे भोंगऱ्या बाजार आणि अक्कलकुवा तालुक्यातली काठीची राजवाडी होळी अजून जोरात भरतात, आणि त्यांची तारीख अजूनही होळीच ठरवते.