माहितीपत्रकावरचे १५० आणि जिन्यातले ३०

वीज गेल्यावर बाहेर पडायची वाट दिसावी म्हणून जिन्यात लावायच्या, अंधारात चमकणाऱ्या दोन पट्ट्यांची माहितीपत्रकं समोर आहेत. एकीवर लिहिलंय, दिवे गेल्यानंतर १० मिनिटांनी १५० मिलिकॅन्डेला. दुसरीवर, १० मिनिटांनीच, ३०. एकक एकच, दर चौरस मीटरला मिलिकॅन्डेला, म्हणजे पट्टीच्या पृष्ठभागावरून डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाचं माप. वेळही तीच. खरेदी करणारा साहजिकच पहिली उचलतो. पण प्रत्यक्ष जिन्यात लावल्यावर दुसरी सरस ठरू शकते, कारण दोन्ही पट्ट्यांना आधी पाजलेला प्रकाश वेगळा होता.

१५० हा आकडा जर्मन मानक डीआयएन ६७५१० च्या पद्धतीतला. पत्रकावर तो बहुधा १५०/२०-१८०० अशा रूपात दिसतो. नमुना आधी अंधारात ठेवून त्यातली उरलीसुरली चमक उतरू देतात. मग झेनॉन दिव्याचा १००० लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) प्रकाश त्यावर ५ मिनिटं पाडतात, दिवा बंद करतात आणि मोजणी सुरू होते. १० मिनिटांनी १५०, ६० मिनिटांनी २०. शेवटचे १८०० म्हणजे चमक ०.३ मिलिकॅन्डेलापर्यंत उतरायला लागलेली मिनिटं.

या शेवटच्या आकड्यावरून ‘३० तास चमकणारा फलक’ अशी जाहिरात होते आणि वाचणारा फसतो. अंधाराला पूर्ण सरावलेल्या डोळ्याला जेमतेम जाणवेल अशा उजेडाच्या साधारण १०० पट म्हणजे हे ०.३. तेवढ्यावर पट्टी कुठे आहे हे कळू शकेल, फलकावरची अक्षरं वाचता येतील असा भरवसा नाही. शिवाय उजळलेल्या खोलीतून अंधारात आलेल्या डोळ्याला पूर्ण सरावायला २०-३० मिनिटं लागतात, आणि पळायची वेळ असते ती नेमकी त्या आधीची. म्हणून मी तिसरा आकडा जवळजवळ पाहतच नाही.

तरीही ही चाचणी निरुपयोगी नाही. दोन पदार्थांची आपसात तुलना करायला ती उत्तम. जुनं तांबंमिश्रित झिंक सल्फाइड तासाभरात जवळपास विझून जायचं. १९९० च्या दशकात जपानच्या नेमोतो कंपनीने युरोपियम आणि डिस्प्रोसियम मिसळलेलं स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट आणलं आणि चमक कित्येक तासांवर गेली. असा फरक दाखवायला सगळ्यांना एकसारखा, भरपूर प्रकाश देणंच योग्य.

आता ३० कडे या. इमारतींसाठीच्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोड या अमेरिकी नियमावलीत उंच इमारतींच्या सुटकेच्या मार्गावरील खुणांसाठी एएसटीएम ई२०७२ या मानकाचा आधार घेतलाय. तिथे पट्टीला मिळतो फ्लुरोसंट दिव्याचा फक्त ११ लक्स प्रकाश, तोही ६० मिनिटं. एवढ्यावर तिने दिवे गेल्यानंतर १० मिनिटांनी किमान ३० आणि ९० मिनिटांनी किमान ५ दाखवायचे. पहिल्या चाचणीच्या तुलनेत प्रकाशाची तीव्रता सुमारे नव्वदावा हिस्सा. जिन्यात खरोखर असतो तसाच मंद उजेड इथे धरलाय.

या विचारामागे अनुभव आहे. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९९३ च्या बॉम्बस्फोटानंतर जिन्यांमध्ये चमकणाऱ्या खुणा रंगवल्या होत्या, आणि २००१ च्या हल्ल्यावेळी खाली उतरलेल्या लोकांना त्यांचा उपयोग झाला. २००४ च्या स्थानिक कायदा २६ ने त्या शहरातल्या उंच कार्यालयीन इमारतींना अशा खुणा सक्तीच्या केल्या. जहाजांचे आकडे तर आणखी लहान: आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या १९९३ च्या ठरावात १० मिनिटांनी १५ आणि ६० मिनिटांनी २. पण तिथे पट्टी जमिनीपासून ३० सेंटीमीटरच्या आत लावायची असते. धूर वर साठतो, माणूस वाकून किंवा रांगत जातो, पट्टी डोळ्याच्या अगदी जवळ येते.

मग १५० वरून हिशेब करून जिन्यातला आकडा काढता येईल का? नाही. चमकणाऱ्या पदार्थात प्रकाशाची ऊर्जा सूक्ष्म सापळ्यांत अडकते आणि हळूहळू सुटते. तीव्र प्रकाशात हे सापळे झपाट्याने भरतात आणि त्यापुढचा प्रकाश वाया जातो. मंद प्रकाशात एकीकडे भरणं आणि दुसरीकडे गळणं चालूच राहतं, त्यामुळे थोड्या वेळाने साठा एका पातळीवर थांबतो. तिप्पट प्रकाश म्हणजे तिप्पट चमक, असं सरळ नातं नाही.

दिव्याची जातही आड येते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष इथेच होतं. लक्स हे माप माणसाच्या डोळ्याप्रमाणे बेतलेलं आहे. डोळा हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देतो, तर हा पदार्थ निळ्या आणि अतिनील प्रकाशावर जगतो. झेनॉन दिव्यात तो मुबलक असतो, पिवळसर छटेच्या एलईडीत निळा कमी आणि अतिनील जवळपास नसतोच. लक्समीटर दोन्हीकडे ५० दाखवेल आणि पट्टी एकीकडे उपाशी राहील.

म्हणून विक्रेत्याकडे आकडा मागताना सोबत तीन गोष्टी लेखी मागाव्यात: कोणता दिवा, किती लक्स, किती वेळ. मग लक्समीटर घेऊन जिन्यात जावं आणि तो पट्टी लागणार त्याच जागी, पायरीच्या कडेशी धरावा. छातीच्या उंचीवरचं माप इथे कामाचं नाही. तिथे ११ लक्सही भरत नसतील तर ३० चा दावाही त्या जागी लागू होत नाही. माणसाची चाहूल लागल्यावरच पेटणारे दिवे असतील तर मोजलेले लक्सही फसवे ठरतात. रात्रभर अंधारात पडलेल्या जिन्यात पहाटे वीज गेली, तर पट्टीत साठवलेलं जवळपास काहीच उरलेलं नसेल. अशा जिन्यात एक तरी दिवा कायम चालू ठेवावा लागतो, किंवा बॅटरीवर चालणारा फलक लावावा लागतो.